जगूचे दोन डबे

दवाखान्यात किस्से कसे साठतात, सांगू? रिकाम्या बाटल्यांसारखे! पेशंट बरा होतो, आपल्या गावी निघून जातो, आणि बाटली आपल्याकडे राहते. आपण ती धुतो, फळीवर लावतो. वर्षं गेली की फळी भरून जाते आणि कोणती बाटली कोणाची हे फक्त आपल्यालाच ठाऊक असतं. मी म्हसावदला नरोत्तम वैद्यांकडे अठरा वर्षं कंपाउंडर होतो. माझ्या फळीवर बरंच काही आहे. पण तुम्ही नेहमी विचारता ना, की कट्टर दारूविरोधी वैद्यांच्या घरात वाईन कशी झाली म्हणून? तेवढंच आज सांगतो. साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आमचं सगळं काम धुळ्याला. आणि राज्यात दारूबंदी कडक.

*

आधी आबा कसे होते ते ऐका. नरोत्तम वैद्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. तापीकाठच्या गुजर घराण्यातला माणूस, घरची केळी, ऊस. ते सगळं भावांवर सोडून हे वैद्यकी शिकले. दवाखान्यात पेशंटशी शुद्ध मराठी बोलायचे, चिडले की अहिराणी. आणि दारूचं नाव काढलं की लगेच अहिराणी!

आमच्याकडे द्राक्षासव असायचं. आता आसव म्हटलं की ते थोडं आंबलेलं असणारच. दारूबंदीच्या काळात गावातल्या काही लोकांना त्याचा फार आधार वाटायचा. एक गृहस्थ रोज संध्याकाळी यायचा. "आबा, पोटमा कळ ई ऱ्हायनी." आबा एक औंस द्यायचे. तीन दिवस दिलं. चौथ्या दिवशी आबांनी त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाले, "दिगू, आसव संपलं. यांना एरंडेल दे. दोन औंस."

दोन दिवसांनी तो रस्त्यात भेटला. आबांनी विचारलं, "काय, पोट कसं आहे?"

तो हात जोडून म्हणाला, "आबा, पोटच ऱ्हायनं नई, ते दुखी काय!"

*

आबांना एकच मुलगा. जगदीश. आम्ही जगू म्हणायचो. फार हुशार, फार बडबड्या. इंजिनिअर झाला आणि पुढच्या शिक्षणाला विलायतेला गेला. तिथंच एका कारखान्यात लागला. महिन्याला एक पत्र यायचं. जिजी, म्हणजे जगूची आई, ते पत्र दवाखान्यात घेऊन यायची. आबा मोठ्यानं वाचायचे आणि बाकावरचे सगळे पेशंट ऐकायचे. जगू तिकडे काय जेवतो हे म्हसावदच्या अर्ध्या लोकांना माहीत होतं.

एकदा आबा वाचता वाचता थांबले. जगूनं लिहिलं होतं, "आबा, इथे घरच्या घरी वाईन करायचं सामान डब्यातून मिळतं. त्याला किट म्हणतात. मी सुरुवात केली आहे. तुम्ही आसव करता तसंच आहे हे. फार छान होते!"

बाकावर एकजण हसला. आबांनी पत्र घडी करून खिशात घातलं. त्याच दुपारी उत्तर लिहून माझ्याकडे टपालात टाकायला दिलं. पाकीट उघडंच होतं, मी वाचलं. चूकच केली, पण वाचलं. "तुझा बाप वैद्य आणि तू दारू गाळतोस. असले उद्योग करायचे असतील तर मला पत्र लिहू नकोस."

मी म्हणालो, "आबा, पोरगा गमतीनं..."

"टाक ते टपालात!"

मी टाकलं. आजही कधी कधी वाटतं, ते हरवलं म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

*

पुढचे दोन महिने पत्र आलं नाही. मग तार आली.

तार इंग्रजीत होती म्हणून पोस्टमननं ती माझ्या हातात दिली. बर्फावरून सायकल घसरली, मागून गाडी आली. तारेत एवढं नव्हतं, ते नंतर कळलं. तारेत फक्त चार-पाच शब्द होते. मी आत गेलो. आबा एका म्हातारीची नाडी बघत होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी तिचा हात हळूच खाली ठेवला.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं. मराठीत सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग विचारलं, "बाहेर किती बसलेत?"

"अकरा."

"एकेक पाठव."

मला वाटलं, त्यांना कळलंच नाही. मी हात धरायला गेलो तर म्हणाले, "दिगू, ती माणसं लांबून चालत आलीत." अकराही पेशंट तपासले त्यांनी. मग उठून घरी गेले, जिजीला सांगायला. घर समोरच होतं. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला. तो मी कधी विसरलो नाही, आणि सांगणारही नाही.

मी मात्र औषधं द्यायला बसलो, कारण लोक चिठ्ठ्या घेऊन उभे होते. प्रत्येक चिठ्ठीवर औषध अगदी बरोबर. माप बरोबर. पथ्य बरोबर. फक्त वर पेशंटचं नाव लिहायची जी जागा असते, तिथं अकराही चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं. जगदीश.

*

अंत्यविधी तिकडेच झाले. आई-बापांना काहीच दिसलं नाही. उन्हाळा संपताना बोटीनं मुंबईला आणि तिथून आमच्याकडे एक ट्रंक आली. जगूच्या कारखान्यानं पाठवलेली. ती दवाखान्यातच उतरवली आणि उघडली. आबा, जिजी, मी आणि वेणूमावशी. वेणूमावशी म्हणजे आमच्याकडची दाई. जगूचा जन्म तिच्याच हातचा.

वर कपडे होते. जिजीनं एक निळा स्वेटर उचलून तोंडाला लावला. "पोऱ्याना वास ई ऱ्हायना," एवढंच म्हणाली, आणि तो स्वेटर घेऊन घरी निघून गेली. बाकीची ट्रंक तिनं पाहिलीसुद्धा नाही.

खाली एक पुठ्ठ्याचं खोकं. त्यात एक मोठी काचेची बरणी, रबरी बूच, रबराची नळी, एक वाकडीतिकडी काचेची नळी, पावडरीच्या पुड्या आणि द्राक्षाच्या घट्ट रसाचे दोन डबे. न उघडलेले. आणि एक छोटं इंग्रजी पुस्तक.

"यावर काय लिहिलंय?"

"किट, आबा. वाईन करायचं किट."

आबा म्हणाले, "आयुर्वेदात किट्ट म्हणजे गाळ. शरीर जे टाकून देतं ते."

मी पुस्तक उघडलं तर आतून एक घडी केलेला कागद पडला. आबांचंच पत्र! तेच, "मला पत्र लिहू नकोस" वालं. म्हणजे पोहोचलं होतं. वाचलं होतं. मी ते लपवायला गेलो, पण आबांनी हात पुढे केला. कागद उलटा केला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर जगूच्या अक्षरात साखरेचं माप, पाण्याचं माप, कोणत्या दिवशी काय घातलं, सगळी टिपणं होती. बापाच्या शिव्यांच्या पाठीवर पोरानं वाईनचा हिशोब मांडला होता.

आबांनी टिपणं शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "कागद चांगला होता तो."

वेणूमावशी पदरात तोंड घालून रडायला लागली. आबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाच."

"आबा, हे दारू करायचं पुस्तक आहे."

"माले माहीत शे. वाच!"

*

आता गंमत अशी, की आमच्यात इंग्रजी येणारा मी एकटा. आणि माझं इंग्रजी औषधांच्या लेबलांपुरतं.

आबांनी ठरवलं की एका वेळी एकच डबा उघडायचा. डब्यातला रस बरणीत, वर उकळून गार केलेलं पाणी, साखर, पुडीतली पावडर. इंग्रजीत तिला यीस्ट म्हणतात. मग बूच, आणि बुचात ती वाकडी नळी. नळीत थोडं पाणी घालायचं, म्हणजे आतली हवा बुडबुडे काढत बाहेर येते, बाहेरची आत जात नाही. आबांना हे फार पटलं. "वा! आम्ही मडक्याला कापडानं आणि मातीनं बंद करतो. हे त्याहून बरं."

पण नळी धुताना वेणूमावशीच्या हातातून निसटली. फुटली. ती मटकन खाली बसली. "आबा, मन्हा हातमा फुटनी!" जगूला जगात आणताना तिचा हात थरथरला नव्हता, आणि एका काचेच्या नळीसाठी ती दोन दिवस जेवली नाही.

शेवटी शहाद्याहून सलीमचाचा आले. ते आम्हाला बाटल्या आणि बुचं पुरवायचे, टिनकाम करायचे. त्यांनी तुकडे जुळवून पाहिले आणि दवाखान्याच्या ओट्यावरच बसून टिनाची तशीच नळी करून दिली. आबा म्हणाले, "पण यातून बुडबुडा दिसणार नाही."

चाचा म्हणाले, "आबा, दिखेगा नहीं, मगर सुनाई देगा!"

आणि खरंच. टिनाच्या नळीतून मोठा आवाज यायचा. गुडूक. थोडा वेळ शांत. परत गुडूक. आबा पेशंटची नाडी बघताना मध्येच थांबायचे आणि तो आवाज ऐकायचे.

तीन आठवड्यांनी आवाज बंद झाला. पुस्तकात पुढचं वाक्य होतं, की आता वाईन रॅक करा. मी म्हणालो, "रॅकवर ठेवायची, आबा." आम्ही बरणी औषधांच्या फळीवर ठेवली. पुढे लिहिलं होतं, दोन महिन्यांनी पुन्हा रॅक करा. आबांनी विचारलं, "पुन्हा म्हणजे?"

मी विचार करून सांगितलं, "वरच्या फळीवर."

तर तसं केलं. श्रावण संपेपर्यंत बरणीतून असा वास यायला लागला की एक पेशंट दारातूनच परत गेला. कुजलेल्या अंड्यांसारखा! मी पुस्तक घेऊन शहाद्याच्या एका हायस्कुलातल्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी मोठी डिक्शनरी काढली. रॅक करणं म्हणजे तळाचा गाळ मागे ठेवून वरची वाईन नळीनं दुसऱ्या बरणीत काढून घेणं! आम्ही ती दोन अडीच महिने गाळावर कुजवत ठेवली होती.

मी परत आलो, आबांपुढे उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. ते उठले. बरणी स्वतः उचलून मागच्या लिंबाच्या बुंध्याशी नेली, बसून हळूहळू ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत. हात धुवून आले तेव्हा डोळे लाल होते.

"दिगू," म्हणाले, "औषधांची लेबलं तरी तू नीट वाचतोस ना?"

*

आता एकच डबा उरला. आबा म्हणाले, हात बसल्याशिवाय तो उघडायचा नाही. म्हणून काळ्या मनुका आणून सराव सुरू केला. पण पुड्यांमधली पावडर जपायची होती. आबा म्हणाले, "आपल्याकडे धायटीची फुलं आहेत की." सातपुड्यात ही लाल फुलं रग्गड. आसव आंबवायला वैद्य तीच घालतात. डोंगरातून येणारे पावरा लोक टोपल्या भरून आणून द्यायचे.

सरावाची मनुकांची वाईन मात्र छान उतरली. गाळ काढला, बाटल्या भरल्या. चाचांनी बुचं इतकी घट्ट ठोकली की म्हणाले, "अब इसे शैतान भी नहीं खोल सकता!"

आंबणं पुरतं थांबलेलं नाही हे कोणालाच कळलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आबा एका तगड्या माणसाच्या छातीला कान लावून बसले होते. त्याची तक्रार होती, छातीत धडधडतं. आबा म्हणत होते, "घाबरू नकोस, तुझं हृदय बैलासारखं आहे." तेवढ्यात मागच्या खोलीत धाड! मग परत धाड! लागोपाठ तीन बाटल्या! छतापर्यंत लाल पाणी. तो माणूस सदरा हातात घेऊन जो पळाला, तो बस स्टँडवर थांबला.

आबा तिथंच बसून होते. मला वाटलं, हसतील. गावात सगळे हसत होते. ते उठून मागे गेले, भिंतीवरून ओघळणारं लाल पाणी बघत उभे राहिले. मग विचारलं, "तिकडे घरचं कोणी नव्हतं ना त्याच्याजवळ? त्याची बाटली फुटली असेल तेव्हा काच कोणी गोळा केली असेल?"

मी झाडू घेऊन आलो. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

*

दिवाळीनंतर शेवटचा डबा उघडला. यावेळी मी एकेक शब्द मास्तरांकडून लिहून आणला होता. फक्त एक सुटला. पुस्तकात होतं, बरणी एअरिंग कपाटात ठेवा. एअर म्हणजे हवा, एवढं मला येत होतं! आम्ही ती हवेशीर कपाटात, उत्तरेच्या खिडकीशी ठेवली. नंतर कळलं, विलायतेत ते गरम पाण्याच्या टाकीजवळचं ऊबदार कपाट असतं. कपडे वाळवायचं.

इकडे पौषात सातपुड्यावरून असा गार वारा सुटला की आठ दिवसांत गुडूक बंद. आबा कान लावून बसायचे. काही नाही. यीस्ट मेलं की झोपलं, कोणाला कळणार? शेवटचा डबा! आबांनी पेशंट बघणं कमी केलं. माझ्याशीसुद्धा बोलेनात.

जिजी तोवर या भानगडीत कधीच पडली नव्हती. उलट तिनं आबांना बजावलं होतं, "ते मन्हा घरमा आणू नका." जगूबद्दलही ती कोणाशी बोलायची नाही. एक दिवस सकाळी दवाखान्यात आली. खिडकीशी गेली, बरणीला हात लावून पाहिला. आबांकडे वळून म्हणाली, "इतलं थंडीमा ठेवतस का कोणी?"

तिनं बरणी उचलली, कडेवर घेतली आणि घरी गेली. मी मागोमाग गेलो. चुलीपासून दोन हातांवर पाट मांडून तिनं बरणी ठेवली. मग खुंटीवरचा तो निळा स्वेटर काढला आणि बरणीला घातला. दोन्ही बाह्या पुढे घेऊन गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती धावत दवाखान्यात आली. भरल्या बाकासमोर, डोक्यावरचा पदर घसरलेला, "आबा! बोलना, बोलना!" बरणी पुन्हा बोलायला लागली होती.

*

फुटलेल्या बाटल्यांची बातमी जायची तिथं पोहोचलीच. एका सकाळी दारूबंदीचे फौजदार एका शिपायाला घेऊन आले. कोकणातले, नवीन बदलून आलेले, कडक माणूस. दवाखान्यातलं द्राक्षासव पाहिलं, परवाना पाहिला. ते सगळं ठीक होतं. मग म्हणाले, "आता घर बघू."

आबा पलीकडच्या गल्लीत पेशंट बघायला गेले होते. पकडलं तर दवाखाना बंद, आबा तुरुंगात, आणि डबा... डबा तर शेवटचा! मी वेणूमावशीला आबांकडे पळवलं आणि फौजदारांमागे घरात शिरलो.

जिजी चुलीसमोर मांडी घालून बसली होती. मांडीवर बरणी. वरून पदर घेतलेला. पदराखालून निळ्या स्वेटरची बाही लोंबत होती.

फौजदार म्हणाले, "बाई, मांडीवर काय आहे?"

जिजीनं वर पाहिलंही नाही. एका हातानं हळूहळू थोपटत होती. "मन्हा पोऱ्या शे. झोपेल शे. उठाडू नका."

आणि पदराखालून आवाज आला. गुडूक.

शिपाई पुढे सरकला. फौजदारांनी हात आडवा केला. त्यांनी स्वेटरची बाही पाहिली, भिंतीवरचा हार घातलेला जगूचा फोटो पाहिला. फोटोत तोच स्वेटर. पुन्हा गुडूक.

तेवढ्यात आबा धापा टाकत आले. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. दारातूनच म्हणाले, "साहेब, लपवायचं नाही. ते मी केलंय. ती दारू आहे. मला घेऊन चला."

फौजदारांनी टोपी काढून काखेत धरली. म्हणाले, "वैद्यबुवा, मी तुमच्याशी बोलत नाही. मी यांच्याशी बोलत होतो." मग जिजीपुढे किंचित वाकले. "झोपू द्या त्याला, बाई."

आणि शिपायाला घेऊन निघून गेले. पुढे तीन वर्षं ते आमच्या भागात होते. आमच्या दवाखान्याची पायरी मात्र पुन्हा चढले नाहीत. ताप आला तरी शहाद्याला जायचे!

*

होळीपर्यंत वाईन निवळली. या वेळी सगळं पुस्तकाप्रमाणे. दोनदा गाळ काढला. सलीमचाचांनी बुचं बसवली, पण बेतानं. सहा बाटल्या झाल्या. माणकासारखा रंग! आबांनी त्या ओळीनं ठेवल्या, पण एकही उघडली नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "अजून थांबू." कशासाठी थांबायचं, हे त्यांनाही सांगता येत नसावं.

वैशाखात एका दुपारी एसटीतून एक तरुण उतरला. पत्ता विचारत दवाखान्यात आला. मोहन त्याचं नाव, मूळचा नाशिककडचा. विलायतेत जगू आणि तो एका खोलीत राहायचे. सुट्टीवर आला होता, आणि घरी जायच्या आधी आमच्याकडे आला होता.

जिजीनं त्याला जेवू घातलं. त्याच्या समोर बसून तो घास कसा घेतो तेच बघत राहिली. जेवणानंतर आबा उठले आणि एक बाटली घेऊन आले. बूच मी काढलं. घरात वाईनचे पेले कुठले? औषध मोजायचा औंसाचा ग्लास होता, त्यात आबांनी ओतली आणि मोहनपुढे ठेवली.

"जगूच्या डब्यातली आहे," म्हणाले. "आम्ही केलीय. त्यानं पत्रात लिहिलं होतं, फार छान होते म्हणून. तू त्याची प्यायला असशील. खरं खरं सांग, तशी झालीय का?"

मोहननं घोट घेतला. त्याचे डोळे मिटले, मान आखडली, खांदे वर गेले. घोट कसाबसा गिळला. मग ग्लास खाली ठेवून तो जमिनीकडे बघत बसला.

आबांचा चेहरा उतरला. "बिघडली?"

"नाही, आबा." तो म्हणाला. "अगदी जगूसारखी झालीय."

"मग असा का बसलास?"

"आबा, कसं सांगू... जगूची वाईन कोणालाच पिता यायची नाही हो! इतकी भयंकर व्हायची! दर रविवारी तो मोठ्या थाटात ग्लास भरायचा. आम्ही सहाजण असायचो. तो वळला की आम्ही खिडकीतून बाहेर ओतायचो. खाली घरमालकिणीची फुलझाडं होती, ती सगळी वाळली! तिला वाटायचं थंडीनं. आणि जगू स्वतःचा ग्लास मात्र शेवटपर्यंत संपवायचा. तोंड वाकडं व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं, तरी म्हणायचा, 'आमच्या आबांना हे एकदा दाखवायला पाहिजे.'"

मी आबांकडे बघायची हिंमत करत नव्हतो.

मग एक विचित्र आवाज आला. मला आधी वाटलं, आबांना ठसका लागला. ते हसत होते! तारेच्या दिवसापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. भिंतीला टेकून, पोट धरून हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "फुलझाडं!" एवढंच म्हणत होते. "सगळी वाळली!" आणि मग आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "जिजी! ऐकलं का! जगूसारखी झाली! अगदी जगूसारखी!"

जिजी हात पुसत बाहेर आली. आयुष्यात तिनं आसवाचा थेंबही घेतला नव्हता. तिनं मोहनपुढचा ग्लास उचलला, आम्ही काही म्हणायच्या आत तोंडाला लावला आणि सगळा एका दमात संपवला. तिचं तोंड वाकडं झालं. डोळ्यांत पाणी आलं.

तिनं रिकामा ग्लास पुन्हा भरायला आबांपुढे धरला.

"आखो वत," म्हणाली.